घारी न मारण्याचे चाळीस दिवस

माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती समुद्रकाठच्या पाली गावातल्या आमच्या घरामागे, वाळत घातलेल्या बोंबलांवर बसलेल्या कावळ्याला शिव्या घालत होती. शेवटची शिवी अर्धीच तोंडात राहिली, ह्याचं तिला हाताच्या दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. सौम्य म्हणजे काय, तर जीभ दोन दिवसांत पूर्ववत झाली आणि डावा हात काही झाला नाही. आम्हाला कुणी विचारलं असतं तर आम्ही क्रम उलटा मागितला असता.

मी भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या अलीकडे, चौथ्या मजल्यावर राहते आणि शाळेत गणित शिकवते. नवरा जहाजावर आहे, म्हणजे सहा महिने पाण्यावर आणि सहा महिने सोफ्यावर. मूलबाळ नाही. तेव्हा आईला माझ्याकडे आणायचं हे ओघानंच आलं, आणि आमच्या एवढ्याशा घरात किती शांतता होती ते मला ती आल्यावर कळलं. पंखा किती वेगानं फिरावा, टीव्हीवर काय लागावं, खालच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंनी जिन्यात चपला कुठे काढाव्यात, ह्या सगळ्यावर तिचं मत होतं. माझं कालवण तोंडात घालून ती डोळे मिटायची. मग म्हणायची, "पाणी गरम झालाय चांगला."

तिला घरी जायचं होतं. पहिल्या दिवसापासून एवढंच मागणं होतं. पालीचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, मागे बोंबील वाळवायच्या बांबूच्या रांगा. बाबा गेल्यापासून ती तिथे एकटीच राहते. एका हातानं एकटं राहता येत नाही, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "मग कदी पाठवशील ते सांग." मी त्या दिवशी शाळेतून दमून आले होते. म्हटलं, "ओला बोंबील दोन हातांनी धरून विळीवर साफ करशील, त्या दिवशी."

ज्यांनी ओला बोंबील कधी हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगते, की तो मासा कमी आणि पाणीच जास्त. धडधाकट माणसाच्या हातूनही निसटतो. आईनं मात्र अट लगेच मान्य केली. ती लवकरात लवकर पुरी व्हावी, अशी तेव्हा माझीही मनापासून इच्छा होती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

मीरा रोडहून फिजिओथेरपीवाली मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. गोड, हसरी, पाठीवर बॅग. तिनं आईच्या हातात स्पंजचा पिवळा चेंडू दिला. "आंटी, दबाओ. दिन में सौ बार." आईनं चेंडू उलटासुलटा करून पाहिला, वाससुद्धा घेतला. मग आपल्या खास हिंदीत म्हणाली, "हम जिंदगीभर मच्छी दाब्या. ये बॉल दाबून किसका पोट भरेगा?" मुलगी गेली की चेंडू सोफ्याखाली जायचा. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला सांगितले, तर दोरीवर कपडे नसताना चिमटे लावणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील, असा प्रश्न आला. हात आखडत चालला होता. जेवताना ती तो पदराखाली लपवायची.

नाताळच्या सुट्टीत मला दुसरं काही सुचेना म्हणून मी टीव्हीखालचा खण आवरायला काढला. त्यात नवऱ्यानं मागच्या खेपेला आणलेली एक काळी डबी होती. शेकडो जुने व्हिडिओ गेम आणि दोन रिमोट. लहानपणी मला ह्या खेळांचं वेड होतं, असं मी त्याला लग्नाआधी सांगितलं होतं. त्यावर कृती करायला त्याला वीस वर्षं लागली. त्या शेकडोंमधले निम्मे खेळ चालतच नव्हते. पण माझा निंजा त्यात होता.

तोंड झाकलेला, निळ्या कपड्यातला, बोटभर उंचीचा जपानी लढवय्या. डावीकडून निघतो आणि उजवीकडे जात राहतो. वाटेत खड्डे, भिंती, भालेवाले, कुत्रे. आणि घारी. भालेवाल्यांचं एक वेळ चालतं, ते आपल्या जागेवर उभे राहून प्रामाणिकपणे मार खातात. घार मात्र तुम्ही खड्ड्यावरून उडी घेतलीत की नेमकी त्याच क्षणी समोरून येते आणि एक धक्का देते. जीव फारसा जात नाही, पण तोल जातो, आणि खाली खड्डा. एवढ्या वर्षांत मी बीजगणित शिकले, गाडी चालवायला शिकले, पण त्या दिवशी तिसऱ्या खड्ड्यावरच्या त्याच घारीनं मला दहा वेळा पाडलं.

अकराव्या वेळी सोफ्यावरून आरोळी आली. "अगं घार! दिसत न्हाय काय?"

आईला टीव्हीवर नक्की काय चाललंय हे माहीत नव्हतं. तिला फक्त घार कळली होती. उभा जन्म तिनं बोंबलांवरून कावळे आणि घारी हाकलल्या होत्या. पक्षी कुठून येणार हे तिला पक्ष्याच्या आधी कळतं. "समोरून येते ती दबूनच येते," ती म्हणाली. "तू उडते तवा न्हाय मारायची. ती दबली की मारायची." मी तसं केलं. घार मेली. तीस वर्षांनी मी त्या खड्ड्यापलीकडे गेले, आणि आईनं हात पुढे केला. "दे इकडं."

त्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली दिशांचं चौकोनी बटण असतं आणि उजव्या अंगठ्याखाली दोन गोल बटणं, एक उडीचं आणि एक तलवारीचं. म्हणजे चालायचं डाव्या हातानं, मारायचं उजव्या. आईचा उजवा हात ठणठणीत होता. त्यामुळे तिचा निंजा पहिला आठवडाभर एकाच जागी उभा राहून तलवार फिरवत होता आणि जागच्या जागी उड्या मारत होता. समोरून कुत्रे येत होते, भालेवाले येत होते, हा आपला तिथेच. "ह्याला चालता येत न्हाय काय?" तिनं रागानं विचारलं. मी म्हटलं, "येतं. तुझ्या डाव्या अंगठ्यावर आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. मग अंगठ्याकडे.

अंगठा हलायला चार दिवस लागले. निंजा एक पाऊल पुढे सरकला आणि लगेच कुत्र्यानं त्याला खाल्लं. आई इतकी हसली की मी स्वयंपाकघरातून धावत आले.

पुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. प्रत्येक खड्ड्याच्या काठावर आई थांबायची आणि क्रुसाची खूण करायची. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. खूण करायची ती उजव्याच हातानं. उडीचं बटणही उजव्याच हाताखाली. तोवर मागून कुत्रा यायचा आणि निंजा देवाचं नाव घेत खड्ड्यात जायचा. मी म्हटलं, "आय, खेळ सुरू व्हायच्या आधी एकदाच कर की." ती म्हणाली, "जीव प्रत्येक खड्ड्याला जातो, एकदाच न्हाय जात." शेवटी तडजोड अशी झाली की क्रूस तिनं मनात करायचा.

"हा पोरगा चाललाय तरी कुठं?" तिनं एकदा विचारलं.

"किल्ल्यात. तिथे कुणाला तरी कोंडलंय."

"कुणाला?"

मला माहीत नव्हतं. मी शेवटपर्यंत कधी पोचलेच नव्हते. "चार वर्षं तोंड घालून बसायचीस ह्यात," आई म्हणाली, "आणि कुणाला सोडवायचा हाय तेही म्हायत न्हाय?"

जानेवारी संपेपर्यंत ती रोज संध्याकाळी तासभर खेळत होती. फिजिओवाल्या मुलीनं तिची बोटं तपासली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ये जो भी कर रही हैं, बंद मत करना. बिल्कुल नहीं." मी शाळेतून आले की जिन्यातूनच आईचा आवाज ऐकू यायचा. "मेली! पडली! ये आता, ये!" खालच्या गुजराती बाईंनी मला काळजीनं विचारलं, की आईला कोण त्रास देतंय. मी म्हटलं, पक्षी. त्यांनी दुसऱ्या दिवशी बाल्कनीला लावायच्या जाळीवाल्याचा नंबर आणून दिला.

मग राखेचा बुधवार आला. आमच्याकडे त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. ह्या काळात आवडीची एखादी गोष्ट सोडायची. कुणी दारू सोडतं, कुणी मटण, कुणी चहातली साखर. आईनं त्या संध्याकाळी कपाळावरची राख न पुसता रिमोट उचलला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि तो माझ्या हातात दिला.

"ईस्टरपरयंत ठेव. सोडला."

मला हसावं की रडावं ते कळेना. चेंडू सोडते म्हणाली असती तर समजू शकले असते. मी म्हटलं, "अगं, हा तुझा व्यायाम आहे." ती म्हणाली, "मला मजा येते." मी म्हटलं, "हात परत आखडेल." ती म्हणाली, "मला लय मजा येते." आणि विषय संपला.

खरं तर ह्या प्रसंगी कुठलाच युक्तिवाद माझ्या तोंडी शोभत नव्हता. पालीच्या घरात मी सातवीत असताना, हाच निंजा मावशीच्या मुलानं आखातातून आणलेल्या डबड्यावर दिवसभर चालायचा. तेव्हा राखेच्या बुधवारी आईनंच त्याची कॅसेट काढून घेतली होती. "चाळीस दिवस. देवासाठी." मी रडले, जेवले नाही. दोन दिवसांनी मला ती तांदळाच्या पिंपात सापडली. आई मागे वाळवणावर गेली की मी खेळायची आणि ती यायच्या आत कॅसेट पुन्हा तांदळात पुरायची. ईस्टरच्या सकाळी आईनं ती मला मोठ्या कौतुकानं परत दिली, आणि मीही मोठ्या कौतुकानं घेतली. कन्फेशनमध्येसुद्धा हे कधी सांगितलं नाही.

आता मी तिला म्हटलं, "मला तर तू चाळीस दिवस सोडायला लावलं होतंस, मी काही म्हटलं का?"

"दोन दिवस सोडला होतास तू," आई म्हणाली. "पिंपाच्या बाहेर रोज तांदूळ सांडलेला असायचा."

मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, माझे कान तापले. ती सगळं जाणून होती आणि तीस-पस्तीस वर्षं बोलली नव्हती. तिचं असंच असतं. दुसऱ्याचं खोटं ती गप्प राहून चालवून घेते, तिला स्वतःला मात्र खोटं बोलता येत नाही. ती मासे विकायला बसायची तेव्हाही गिऱ्हाइकानं "ताजं आहे ना?" विचारलं की म्हणायची, "हे ताजा, हे कालचा." शेजारच्या बायका कपाळाला हात लावायच्या.

दहा दिवस रिमोट कपाटात राहिला. अकराव्या दिवशी चहाचा कप तिच्या डाव्या हातातून पडला. मी फरशी पुसत होते आणि माझ्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. तो असा, की हात असाच राहिला तर ही कुठे जात नाही. मी तो विचार फडक्याबरोबर पिळून टाकला आणि आमच्या गावच्या फादरना फोन केला. आजाऱ्यांना घरी कम्युनियनचा प्रसाद द्यायला ते येतातच.

फादर शुक्रवारी आले. त्यांनी चहा बिनसाखरेचा मागितला, त्यावरून त्यांनी काय सोडलंय ते कळलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "मावशी, हा खेळ तुमच्यासाठी औषध आहे. औषध सोडायचं नसतं."

"औषध कडू असतं, फादर. ह्यात मला मजा येते."

"थोडी येत असेल."

"न्हाय. लय येते."

मी मागून फादरना खुणा करत होते. ते बिचारे बिनसाखरेचा चहा पीत होते. "नुसतं 'औषध म्हणून खेळते' असं म्हण ना," मी आईला म्हटलं.

"फादरसमोर खोटं बोलू?"

फादरनी कप खाली ठेवला. "मावशी, मजा नेमकी कशात येते?"

आईनं प्रश्न मनावर घेतला. उड्या? नाही, उड्यांची भीतीच वाटते. कुत्रे? कुत्र्यांची कीव येते. "घारी मारण्यात," ती शेवटी म्हणाली. "सगळी मजा घारींत हाय."

"मग घारी सोडा," फादर म्हणाले. "बाकीचं खेळा."

मला वाटलं, सुटले. फादर गेल्यावर अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं, की घार न मारता तो खेळ खेळता येत नाही. निदान मला येत नव्हता. पण आईनं शब्द दिला होता. घार आली की तिचा निंजा तलवार खाली ठेवायचा आणि मागे सरायचा, पुढे यायचा, थांबायचा, पुन्हा मागे, घार डोक्यावरून जाईपर्यंत. आणि हे सगळं डाव्या अंगठ्यानं. उजव्या हाताला काही कामच उरलं नाही. पूर्वी एका संध्याकाळी जेवढा डावा हात चालायचा, तेवढा आता एका खड्ड्यापाशी चालू लागला. तिच्या कपाळावर घाम यायचा. "जा बाई, जा तुझ्या वाटेनं," ती दात-ओठ खात घारीला म्हणायची. तिचं तोंड पाहिलं की हा त्याग आहे ह्याबद्दल कुणाला शंका राहिली नसती.

ह्या दिवसांत काय झालं ते सांगायला मला अवघड जातं. मी शाळेतून लवकर येऊ लागले. मी दुसरा रिमोट काढला, आणि आम्ही आळीपाळीनं खेळू लागलो. माझ्या कालवणाला तिनं एकदा "बरा हाय" म्हटलं आणि मी ते नवऱ्याला जहाजावर मेसेज करून कळवलं. फिजिओवाली म्हणत होती, "कमाल है आंटी!" आणि प्रत्येक कमालीनंतर मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मला आई हवी होती. नाताळच्या आधी जिला केव्हा एकदा पोचवते असं झालं होतं, तीच. हे तिला सांगायचं मात्र मला जमलं नाही. आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. आम्ही एकमेकींना फक्त "जेवलीस काय?" विचारतो.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी तिनं चर्चमधल्या मिस्सेतून आणलेली झावळी दोन्ही हातांनी विणून तिचा क्रूस केला आणि दारावर लावला. ईस्टर झाला. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी ती म्हणाली, "बोंबील आण."

मी बाजारात गेले. कोळणीकडे सकाळचे बोंबील होते, चकचकीत, गुलाबी तोंडाचे, त्यातल्या त्यात कडक. मी उभीच राहिले. मग विचारलं, "कालचे आहेत?"

तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "मांजराला काय?"

"हो," मी म्हटलं.

शिळा बोंबील धरणं म्हणजे साबणाचा फेस धरण्यासारखं आहे. तो निसटतोही आणि तुटतोही. हे मला माहीत होतं, मी पालीची आहे. सहा नग पिशवीत घेऊन मी घरी आले तेव्हा मला माझीच शरम वाटत होती, पण परत जाऊन बदलून आणण्याएवढी वाटत नव्हती.

आई विळीवर बसली. पिशवी उघडली, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डाव्या हातानं पहिला उचलला, निसटू नये म्हणून थोडं मीठ लावलं, शेपटीपाशी धरला आणि डोकं उडवलं. पोट साफ केलं, पर काढले, बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा. पाचवा तिच्या हातून सुटला आणि फरशीवर पोचायच्या आत तिनं तो पकडला. डाव्या हातानं. सहाही बोंबील ताटात ओळीनं पडले, एकही तुटला नव्हता.

"शिळं आणलंस," ती म्हणाली.

"ताजे नव्हते."

"शनवारी सकाळी? ताजे नव्हते?" तिनं विळी मिटली. "तू माझी पोरगी. तुला शिळा कोण देईल?"

मी ओट्याला टेकून उभी होते. मला तांदळाचं पिंप आठवलं.

आईनं हात धुतले आणि हॉलमध्ये येऊन सोफ्यावर बसली. "लाव तो खेळ. एकदा खेळते, मग माझी पिशवी भर." मी लावला. उपवासकाळ संपला होता, आता घारी मारायला मुभा होती. निंजा निघाला, कुत्रा मारला, भालेवाला मारला, पहिल्या खड्ड्याशी आला. समोरून घार आली, ही सगळ्यात सोपी घार, आंधळ्यानंही मारावी अशी. ती दबली. आईनं दोन्ही अंगठे बटणांवर ठेवले आणि हलवले नाहीत. घारीनं धक्का दिला, निंजा खड्ड्यात गेला.

तिनं पुन्हा सुरू केला. तोच खड्डा, तीच घार, पुन्हा खाली. मग रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

"हात अजून आखडतो," आई म्हणाली. टीव्हीकडे बघत, माझ्याकडे नाही. "रविवारपरयंत थांबते."

तिच्या हाताला बोंबलाचा वास येत होता. कुठला रविवार ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी तव्यावर तेल टाकायला उठले.